मदत हवी आहे : भावाच्या मुलांना धार्मिक संस्थेच्या बालगृहात ठेवावे का?

काठावरचा : माझा भाऊ गेल्या वर्षी वारला. घरची परिस्थिती हलाखीची असल्यामुळे त्याच्या दोन्ही मुलांना एका धार्मिक संस्थेच्या बालगृहात ठेवायचे ठरत आले आहे. तेथे शिक्षण, जेवण, कपडे सारे विनामूल्य असून माणसेही सात्त्विक वाटली. अर्जावर उद्या सही करायची आहे, तेव्हा अशा संस्था चांगल्या असतात का, एवढेच सांगावे.

निवांत : मुलांची वये काय? त्यांची आई हयात आहे का?

जुना विद्यार्थी : मी स्वतः आठ वर्षे अशाच संस्थेत वाढलो. मी तापाने फणफणलो असताना रात्रभर उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलणारे गुरुजी मला आजही आठवतात. श्रद्धेने काम करणारी माणसे पगारापुरती सेवा करत नाहीत. बिनधास्त सही करा.

काठावरचा : मुलगी सात वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. आई आहे, पण मजुरीवर दोघांचे भागत नाही. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

निवांत : ही मुले अनाथ नाहीत, गरीब आहेत, जगभरातील अनाथालयांतही अशीच मुले अधिक असतात. केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण असू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे आणि तीन वर्षांखालील मुलांचा सांभाळ कुटुंबातच व्हावा, असेही तीच तत्त्वे सांगतात. दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेणारे माणूस दर पाळीला बदलणे परवडत नाही. रुमानियातील बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील 136 मुलांपैकी निम्मी चिठ्ठी काढावी तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली गेली. त्यांची बौद्धिक वाढ संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

जुना विद्यार्थी : त्या सरकारी संस्था होत्या. तेथील दुर्लक्षाचे खापर भक्तिभावाने चालणाऱ्या घरांवर फोडू नये.

निवांत : गुरुजींच्या भावनेविषयी शंका नाही, पण त्या रात्री त्यांच्या ताब्यात आणखी किती मुले होती, तेही सांगा.

जुना विद्यार्थी : साठेक असतील. तरी ते बसले होते.

ग्रंथकीटक : या निमित्ताने ख्रिस्ती धर्मप्रचारक जॉर्ज म्युलर आठवतात. त्यांनी 1836 साली इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये अनाथगृह सुरू केले आणि कोणाकडे थेट पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून पुढे दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होईल एवढा पसारा उभा केला. जमाखर्च मात्र ते काटेकोरपणे छापून जाहीर करत.

काठावरचा : म्युलरांकडे मुले पाठवायची नाहीत.

उंबरठा : मी अशा एका संस्थेच्या कामात होतो. दोन मुलांवर संस्था जो खर्च करणार, त्यातील काही भाग दरमहा आईला देता येईल का, हे आधी विचारा. काही धार्मिक संस्था आता असे करतात. नकार आला, तरी धाकट्याला घरीच ठेवा. मुलीच्या बाबतीत आईला कधीही भेटता येईल का, प्रार्थना ऐच्छिक आहे का आणि मुलगी घरी परत येऊ शकते का, याचा आढावा किती महिन्यांनी घेणार, हे लेखी घ्या. मुलाला धर्म बदलण्यास प्रवृत्त करू नये, असेही संयुक्त राष्ट्रांच्या त्याच तत्त्वांत आहे. अर्जात परतीविषयी काही लिहिले आहे का?

काठावरचा : आताच अर्ज पाहिला. प्रवेशाच्या तारखेचा रकाना आहे, परतीचा नाही. शेवटी ‘मूल संस्थेच्या स्वाधीन करीत आहे’ असे छापलेले असून खाली ‘पालकाची सही’ आहे.

उंबरठा : मग तेथे तुमची सही कशी? वहिनींचे म्हणणे काय आहे?

काठावरचा : त्यांना आम्ही अजून विचारलेले नाही. आज रात्री विचारतो.