टेस्लाची 'फुकट वीज' खरंच दडपली का? चुलते जनरेटरचा ॲडव्हान्स भरायला निघालेत

विटेकर_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न वीजवाल्यांसाठी आहे, पण इतिहास माहीत असणाऱ्यांनीही लिहा.

माझे चुलते विट्याजवळ शेती करतात. जुन्या विहिरीवर कनेक्शन आहे, पण आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची पाळी. बारा-एक वाजता बॅटरी घेऊन उसात पाणी फिरवायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. नव्या बोअरसाठी पैसे भरलेत, तो अर्ज पेड पेंडिंगमध्ये अडकलाय. अशात गावात एक जण 'इंधनाशिवाय चालणारा मॅग्नेटिक जनरेटर' घेऊन आला. ग्रामपंचायतीसमोर वीस मिनिटं तीन एचपीची मोटर चालवून दाखवली. डिझेल नाही, सोलर नाही, लाइनची वायर नाही. किंमत पावणेदोन लाख, निम्मे आधी.

चुलत्यांचं म्हणणं असं, की हे तंत्र निकोला टेस्लानं शंभर वर्षांपूर्वीच शोधलं होतं. मॉर्गन नावाच्या धनकोनं विचारलं, "याला मीटर कुठं बसवायचा?" आणि टेस्लाचा वीज पाठवायचा टॉवर पाडून टाकला. तेव्हापासून कंपन्या आणि पेपरवाले मिळून ते दाबून ठेवतात. मी काही बोललो की म्हणतात, "तू पुण्याला शिकलास, तुला टीव्हीवरचंच खरं वाटणार."

त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. म्हणूनच नीट उत्तर हवंय. टेस्लाचं खरं काय आणि हा जनरेटर चालू शकतो का? शुक्रवारी पैसे भरायचं ठरलंय.

रोखठोक_७१

चुलते चूक आहेत असं आधीच का धरून चालता? १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स वगैरे मोठ्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाची युती केली. बल्ब १००० तासांच्या आसपास गेलाच पाहिजे असं ठरवलं आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड लावला. ही व्हॉट्सॲपची गोष्ट नाही, तिची कागदपत्रं आहेत. जे लोक साध्या बल्बचं आयुष्य कमी करतात ते फुकटची वीज बाजारात येऊ देतील? १९४३ मध्ये टेस्ला वारला तेव्हा त्याचे कागद अमेरिकन सरकारनं ताब्यात घेतले. त्यात काहीच नव्हतं तर घेतले कशाला? आणि पेपर कुणाच्या जाहिरातींवर चालतात ते आपल्याला माहीत आहे.

यार्डातला_माणूस

मी वीज मंडळात पारेषणला (दूरवर वीज वाहून नेणाऱ्या विभागात) होतो, बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. आता निवृत्त आहे.

रोखठोक, तुमचं फीबसचं उदाहरण शंभर टक्के खरं आहे. मी त्यात आपल्या घरचं एक घालतो. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. १९९२ मध्ये करार-मदार सुरू झाले. १९९३ मध्ये जागतिक बँकेनं हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं, तरीही तो पुढे रेटला गेला. वीज घेतली नाही तरी ठरलेला स्थिर आकार मंडळानं भरायचाच, अशी रचना होती. लोकांनी करार दाखवा म्हटलं तर तो गोपनीय. १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी वस्तीत पोलिसांनी बायकांना घरातून ओढून मारलं. १९९९ ला पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा सुरू झाला, २००१ च्या मे महिन्यात बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. हे सगळं मी जवळून पाहिलंय. त्यामुळे कंपनी सांगते म्हणून विश्वास ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही. चुलत्यांना तर नाहीच.

पण एन्रॉनचं बिंग कसं फुटलं? पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थेतल्या लोकांनी कराराची कलमं घेऊन युनिटमागे किती पैसे पडतील याचा हिशेब मांडला. संशय त्यांनाही होता. त्यांनी तो आकड्यांवर नेला. टेस्लाच्या बाबतीतही तेच करू.

टॉवरचं नाव वॉर्डनक्लिफ. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर शोरहॅम इथं १९०१ मध्ये बांधकाम सुरू झालं. मॉर्गननं दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी, आणि बदल्यात पेटंटांचा ५१ टक्के हिस्सा घेतला. त्याच डिसेंबरात मार्कोनीनं फारच स्वस्त सामग्री वापरून इंग्लंडहून न्यूफाउंडलंडला संदेश पोचवला. मग टेस्लानं मॉर्गनला कळवलं की आपल्याला नुसते संदेश नाही, वीजही पाठवता येईल, आणखी पैसे द्या. १९०३ मध्ये मॉर्गनचं उत्तर आलं, की सध्या आणखी रक्कम घालण्याची इच्छा नाही. 'मीटर कुठं बसवायचा' हे वाक्य त्या पत्रात नाही, ते नंतर लोकांनी त्याच्या तोंडी घातलंय. मॉर्गन नफ्यासाठीच बसला होता यात वाद नाही. टेस्लाच्या डोक्यावर मात्र वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलचं बिल थकलं होतं. १९१५ मध्ये त्यापोटी जागा हॉटेलकडे गेली आणि १९१७ मध्ये टॉवर भंगारासाठी पाडला.

आता जी गोष्ट कुणीच सांगत नाही ती. त्या टॉवरशेजारच्या इमारतीत बॉयलर होता, वाफेचं इंजिन होतं, जनित्र होतं. टॉवर वीज *तयार* करणार नव्हता, *पोचवणार* होता. कोळसा जाळावाच लागणार होता. 'फुकट' हा शब्द आपण त्याला चिकटवलाय.

आणि पोचवणं तरी जमलं असतं का? टेस्लाचा भरवसा असा, की पृथ्वीलाच तारेसारखं वापरायचं, इथं जमिनीत लहरी सोडायच्या आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला उचलायच्या. ज्यानं स्विचयार्डात, म्हणजे उपकेंद्राच्या उघड्या आवारात, काम केलंय त्याला यातली अडचण दिसते. बिघाड होऊन करंट जमिनीत उतरला की तो चहूकडे पसरतो आणि थोड्या मीटरमध्ये व्होल्टेज झपाट्यानं खाली येतं. माणसाच्या दोन पावलांमध्येही जीव जाण्याइतका फरक पडू शकतो. यार्डात आम्ही खडी पसरतो ती त्यासाठीच. पसरलेली ऊर्जा हजारो मैलांवर पुन्हा गोळा होत नाही. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला १५०० मेगावॉट आणायला आपण ७५२ किलोमीटर तारा ओढल्या त्या उगाच नाही.

पेपरांबद्दल. टेस्लाला छापखान्यांनी दाबलं नाही, उलट डोक्यावर घेतलं. ठिणग्यांच्या वादळात शांत बसलेला टेस्ला हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. कोलोरॅडो स्प्रिंग्जला काढलेला तो फोटो एकाच काचेवर (तेव्हाच्या निगेटिव्हवर) दोनदा घेतलेला आहे, ठिणग्या वेगळ्या आणि माणूस वेगळा. १९०० मध्ये तो मासिकात झळकला. १९३१ मध्ये पंचाहत्तरीला 'टाइम'च्या मुखपृष्ठावर टेस्लाच होता. पेपरवाल्यांवर माझा राग आहे तो असं अचाट तेवढं छापून करार न वाचण्याबद्दल. दाभोळच्या वेळी तो फार जाणवला.

सरकारनं घेतलेल्या कागदांविषयी: एमआयटीचे प्राध्यापक जॉन ट्रम्प यांनी ते तपासले, त्यात वापरता येईल असं नवं तंत्र त्यांना सापडलं नाही, आणि पन्नाशीच्या दशकात ते बेलग्रेडच्या संग्रहालयात गेले. आजही तिथंच आहेत.

टेस्लाचं खरं देणं तुमच्या चुलत्यांच्या विहिरीवर रोज फिरतंय. ती इंडक्शन मोटर. ते तर कुणी दडपलं नाही.

आता जनरेटर. चुंबक एक फेरी पूर्ण करताना जेवढं ओढतो तेवढंच परत मागतो, हातात शिल्लक काही राहत नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(अ) निसर्गनियमांविरुद्ध जाणारा दावा दारातच थांबवतं. पण चुलत्यांना कायदा नका ऐकवू. हिशेब दाखवा. तीन एचपीची मोटर तासाला साधारण तीन युनिट खाते, म्हणजे वीस मिनिटांत एक युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांत साडेतीन युनिटच्या वर असतात. जड लोडवर त्यातले निम्मेच मिळाले तरी प्रयोग सहज उरकतो. तेव्हा त्या माणसाला सांगा, पेटी विटांवर उचलून ठेव, सगळ्यांसमोर सील कर आणि आठ तास मोटर चालव. त्याला २४ युनिट लागतात. तेवढे साठवायचे तर किमान तेरा-चौदा बॅटऱ्या, सहाशे किलोच्या वर वजन. लपवणार कुठं?

लाँग_आयलंडचा_मराठी

शोरहॅम माझ्या घरापासून तासाभरावर आहे. वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइटनं आखलेली विटांची प्रयोगशाळा अजून उभी आहे, टॉवरच्या पायाचा अष्टकोनही दिसतो. २०१२ मध्ये लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून तेरा लाखांहून जास्त डॉलर जमवले आणि एका संस्थेनं जागा विकत घेतली. समोर टेस्लाचा पुतळा आहे, तो सर्बियानं दिलेला. २०२३ मध्ये इमारतीला आग लागून बरंच नुकसान झालं. तिथं उभं राहिलं की त्या माणसाच्या झेपेबद्दल मन भरून येतं. त्याच्या नावावर कुणी शेतकऱ्याला गंडवतंय हे वाचून फार वाईट वाटलं.

विटेकर_पोरगा

सगळ्यांचे आभार. यार्डातले काका, तुमचा एन्रॉनचा परिच्छेद मी चुलत्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते आधी तेवढ्यावरच गप्प झाले. म्हणाले, "हा माणूस कंपनीचा नाही." मग बॅटरीचा हिशेब स्वतः पाटीवर केला. काल विक्रेत्याला आठ तासांचं विचारलं तर म्हणाला, सलग चालवला तर वॉरंटी जाते, आणि पेटी उघडली तर 'सिक्रेट' फुटतं. चुलत्यांनी पैसे परत कपाटात ठेवले. गल्लीतल्या आणखी तिघांनी ॲडव्हान्स दिलाय, त्यांचं काय करावं? आणि बोअरचा प्रश्न आहे तिथंच आहे.

यार्डातला_माणूस

तिघांनी पावत्या, फोन-पेचे व्यवहार आणि प्रयोगाचे व्हिडिओ एकत्र करून एकच तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. आजच. असे लोक तालुका बदलतात.

बोअरसाठी: 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पेड पेंडिंगवाले बसतात. सर्वसाधारण गटाला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यावर साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. सातबाऱ्यावर बोअरची नोंद आहे का ते आधी बघा, नसेल तर तलाठ्याकडून ती करून घ्या. अर्ज ऑनलाइन करा, एजंटला रुपया देऊ नका.

जुन्या विहिरीवर कनेक्शन असल्यानं तिथं सौर पंप मिळणार नाही. तिथं मार्ग वेगळा आहे: सौर कृषी वाहिनी योजना. तुमचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागाला येणारी लाइन, सौर प्रकल्पाला जोडला की पाणी दिवसा मिळतं. उपविभागात जाऊन फीडरचं नाव सांगा आणि तो यादीत आहे का, कोणत्या उपकेंद्रावर, काम कुठवर आलंय हे लेखी मागा. गावातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन जा. उत्तर आलं की इथं टाका, त्यातल्या तांत्रिक गोष्टी मी वाचून सांगतो.