अ‍ॅटिट्यूड: अभिवृत्ती, रोख की पवित्रा?

'स्वयम्' या उपग्रहावर छोटा लेख लिहितोय. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला हा 10 सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. 22 जून 2016 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून वर गेला. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांचा निरोप एकीकडून घेऊन दुसरीकडे पोचवणं हे त्याचं काम. अडलोय 'पॅसिव्ह अ‍ॅटिट्यूड कंट्रोल'पाशी, म्हणजे उपग्रहाचं तोंड कुठे असावं ते आपोआप सांभाळलं जाणं. 'उपग्रहाच्या अभिवृत्तीचे निष्क्रिय नियंत्रण' असं लिहिलं आणि वाचून मलाच वाटलं, याला समुपदेशकाकडे न्यायला हवं. शब्द सुचवा.

—

'दिशा' लिहा आणि मोकळे व्हा.

—

दिशेने घोटाळा होईल. बैलगाडीत मागे तोंड करून बसलेल्या पोराची दिशा कुठली? गाडी जाते ती, की ते बघतंय ती? उपग्रह धावतो एकीकडे आणि त्याचं तोंड असतं भलतीकडे. इथे तोंडाबद्दल बोलायचंय. तोफेचा असतो तो 'रोख' घ्या. बोलण्याचाही रोख असतो, तेव्हा शब्द कुणाला नवा नाही.

—

'उपग्रहाचा रोख व्यवहार' असं कुणी छापलं नाही म्हणजे मिळवली!

माझं मत 'पवित्रा'ला. इंग्रजी शब्दाचा प्रवासही असाच आहे: आधी चित्रातल्या, पुतळ्यातल्या माणसाची उभं राहण्याची ढब, मग मनाची. आपला पवित्राही आखाड्यातून निघून पुढाऱ्यांच्या 'आक्रमक पवित्र्या'पर्यंत आलाच की.

—

पवित्रा घ्यावा लागतो, 'स्वयम्' तो घेत नाही. त्याच्या पोटात कायमचा चुंबक आहे. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत आपोआप येतो. त्यासाठी वीज लागत नाही, मोटर लागत नाही. 'पॅसिव्ह' म्हणतात ते हेच, त्यामुळे 'निष्क्रिय'ही काढून टाका. चुंबक बिचारा अखंड काम करत असतो. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'मध्ये (तो 26 सप्टेंबर 2016 ला गेला) तारेच्या वेटोळ्यांत हवा तेव्हा, हवा तेवढा प्रवाह सोडून उपग्रह वळवायची सोय होती. त्याने पवित्रा घेतला म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

—

रोखाला एक हरकत. रोख एका रेषेचा असतो, अ‍ॅटिट्यूडला तीन अक्ष लागतात. बंदूक नेमकी रोखलेली असली तरी नळीभोवती तिरपी फिरलेली असू शकते.

—

हरकत रास्त, पण 'स्वयम्'ला तो शब्द त्यामुळेच चपखल बसतो. चुंबक एकच रेष सांभाळतो, त्या रेषेभोवती ठोकळा गिरकी घ्यायला मोकळा. तीन अक्षांचा उपग्रह असेल तिथे 'अंगस्थिती' म्हणू. आणि लेखात 'रोख स्थिर राहतो' असं मात्र लिहू नका. क्षेत्राची रेष विषुववृत्तावर आडवी, ध्रुवांपाशी जवळजवळ उभी. साधारण दीड तासाच्या एका ध्रुवीय फेरीत ती दोनदा पूर्ण फिरते आणि उपग्रहही तिच्यामागोमाग.

—

झालं काम. आता वाक्य असं: 'चुंबकामुळे उपग्रहाचा रोख आपोआप क्षेत्ररेषेला धरून राहतो, आणि सुईसारखे हेलकावे बसू नयेत म्हणून सोबत चुंबकत्व चटकन घेणाऱ्या-सोडणाऱ्या (मृदू चुंबकीय) धातूच्या कांड्या असतात, हेलकाव्याची ऊर्जा त्यांत उष्णता होऊन जिरते.' ऊर्जा अशी जिरण्यामागच्या गुणाला, हिस्टेरेसिसला, शब्द शोधत बसलो नाही. 'जिरते'त भागलं.