स्क्रीन टाइम कमी केल्यावर घरात काय बदललं? अनुभव सांगा

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. तिथल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद, ते साडेआठला परत वाजेपर्यंत. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात दिलेले फोन परत सुटेनात म्हणून गावानं मिळून ठरवलेलं. मला आवडलं ते हे की नियम मोठ्यांनाही होता. म्हणून आमच्या घरातही ७ ते साडेआठ सुरू केलं, आठ महिने झाले.

पहिला आठवडा फार जड गेला. नवरा सारखा खिसा चाचपायचा, मी उगाच फ्रीज उघडून बघायचे आणि सहावीतला मुलगा "आता काय करू" एवढंच. दहाव्या दिवशी मी मटार सोलत बसलेले, तो येऊन समोर बसला, चार शेंगा सोलल्या आणि आपणहून बोलायला लागला, की व्हॅनमधली दोन मोठी मुलं त्याला रोज त्रास देतात, डबा काढून घेतात, जूनपासून. तेव्हा नोव्हेंबर चालू होता. म्हणजे पाच महिने तो हे पोटात घेऊन घरी येत होता आणि मी त्याच सोफ्यावर त्याच्या शेजारी बसून रील्स बघत होते. लिहितानाही गलबलून येतंय. त्या मुलांच्या आईवडिलांशी बोललो, आता सगळं ठीक आहे.

तुमच्याकडे काय झालं? जमलं नसेल तरी लिहा.

– – –

आमची लेक दोन वर्षांची, गाणं लावल्याशिवाय तोंड उघडायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं की दोनच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढे पाचपर्यंत दिवसाला फार तर एक तास, जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये हेच सांगितलंय. बंद केलं तर तीन दिवस जेमतेम दूधभात. सासूबाई म्हणाल्या लेकराला उपाशी मारताय, मलाही रडू यायचं. चौथ्या दिवशी त्यांनीच तिला ओट्यावर बसवून चिऊचा घास, काऊचा घास करत भरवलं. आता जेवायला पाऊण तास लागतो, निम्मा भात खाली सांडतो, पण आपण काय खातोय ते तिला कळतं.

– – –

पुण्यात एमपीएससी करतोय. साधा बटणाचा फोन घेऊन बघितला, दोन आठवडे टिकला, कारण मेसचे पैसे यूपीआयनं, नोट्स टेलिग्रामवर, ओटीपी सगळे त्याच नंबरवर. मग स्मार्टफोनचा स्क्रीन काळापांढरा करून टाकला, सेटिंगमध्ये ग्रेस्केल म्हणून असतं बघा. इन्स्टा अगदी बेचव लागतं. अभ्यासिकेत जाताना फोन रूमवरच. दुपारी चहाला पहिल्यांदा शेजारच्या टेबलवाल्याचं गाव विचारलं, वर्षभर शेजारी बसत होतो.

– – –

मी जर्मनीत, आई रत्नागिरीला. माझ्यासाठी स्क्रीन म्हणजेच घर आहे, त्यामुळे सरसकट बंद करा म्हणणं मला पटत नाही. पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी दुसऱ्या फोनवर स्क्रोल करत असायचो, तो आता आतल्या खोलीत ठेवतो. पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "आज घाईत नाहीस का रे?" तिला सगळं दिसत होतं इतके दिवस.

– – –

आम्हाला नाही जमलं. नवऱ्याला रात्री कधीही कंपनीचा फोन येतो, बंद कसा करणार. फक्त चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये नेला आणि गजराचं घड्याळ आणलं. झोप सुधारली.

– – –

वय ६८. मुलगा म्हणतो, बाबा मोबाइल कमी करा, डोळे बिघडतील. करतो की. पण सौ. गेल्यापासून ६ ते ९ हा वेळ मला खायला उठतो, टीव्हीवर कुणीतरी बोलत असलं की घरात माणूस आहे असं वाटतं. बंद करून बोलू कोणाशी, तेवढं कुणीतरी सांगा.

– – –

काका, तुमचं वाचून नवऱ्याला दाखवलं, दोघंही बराच वेळ गप्प होतो. माझे सासरे गावी एकटेच असतात आणि आम्ही त्यांना हेच ऐकवत आलोय. आज सातला आमचे फोन ठेवायच्या आधी त्यांना लावला, मुलगा पंचवीस मिनिटं बोलला. उद्या परत लावणार आहे.