सामान कसायच्या पट्ट्याला मराठीत काय म्हणायचं? (पट्टा, नाडा, नवार, तंग)

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला, सध्या कामासाठी जर्मनीत. मागच्या महिन्यात एक जुनं लाकडी शेल्फ घेतलं आणि ते मित्राच्या गाडीच्या टपावर घालून आणायचं होतं, त्यासाठी मला अगदी साधे पट्टे हवे होते, म्हणजे हूक नको, मोठा लोखंडी दांडा नको, नुसती विणलेली पट्टी आणि एका टोकाला बक्कल, पट्टी आत घालायची, ओढायची, झालं. दुकानात बघतो तर भिंतभर सगळे दांड्याचेच. शेवटी तिथल्या बाईंना विचारलं तर त्यांनी लगेच उलट विचारलं, 'रात्शे' की 'क्लेमश्लॉस'? पट्ट्याला एकंदर श्पानगुर्ट, म्हणजे ताणायचा पट्टा, आणि त्यात हे दोन प्रकार, रात्शे दांड्याचा आणि क्लेमश्लॉस नुसत्या बक्कलाचा. मला हवा होता तो क्लेमश्लॉसवाला, खालच्या कोपऱ्यात मिळाला, २५ मिलिमीटर रुंद, अडीच मीटर लांब.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं हातात काय आहे रे. मी म्हटलं स्ट्रॅप. ते म्हणाले कसला, घड्याळाचा? बॅगेचा? आणि मला सांगताच येईना. जर्मनमधे दहा मिनिटांत दोन नेमके शब्द शिकलो आणि घरच्या भाषेत एकही नाही, हे मला खरंच लागलं. म्हणून हा धागा.

आधी 'पट्टा' घेऊ. पट्टा कमरेला असतो, कुत्र्याच्या गळ्यात असतो, गिरणीत मशीनवर फिरतो, जमिनीचा असतो. आमच्याकडे गुजरातीत पण पट्टो. पण या वस्तूचं मुख्य काम आवळणं, आणि ते पट्टा शब्दात कुठेच येत नाही.

'नाडा' म्हणाल तर बैलगाडीवर भर बांधायचा जाड दोर म्हणजे नाडा, अर्थ अगदी जवळचा आहे, पण शहरात नाडा म्हटलं की पायजमाच आठवतो आणि शिवाय नाडा गोल असतो, त्याला गाठ मारावी लागते. इथे गाठ नाहीच, तोच तर फायदा.

'नवार' मला फार आवडला. खाटेची ती रुंद विणलेली पट्टी. श्पानगुर्टची पट्टी हातात घेतली की वीण हुबेहूब तशीच लागते, फक्त सुताऐवजी पॉलिस्टर (पॉलिस्टर असेल तर लेबल निळं असतं, ते नायलॉनपेक्षा कमी ताणतं म्हणून भार बांधायला चांगलं). आई म्हणाली बडोद्यात खाट विणणारे 'पाटी' म्हणायचे, तो गुजराती शब्द. पण नवार म्हणजे कापड झालं, सबंध वस्तू नाही.

मग आजी मधे बोलली. ती मागे बसून ऐकत होती. म्हणाली, अरे हा तर तंग. टांग्यात बसताना टांगेवाला घोड्याच्या पोटाखाली हात घालून बघायचा, तंग ढिला नाही ना, आणि एक भोक पुढे सरकवायचा. मी लगेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला (१८५७ ची आवृत्ती), तिथे आहे, फारसीतून आलेला, घोड्याच्या पोटाला आवळायचा पट्टा. गंमत बघा, 'तंग कपडे', 'पैशाची तंगी', 'तंग करून सोडलं' हे सगळं आपण रोज बोलतो, खोगीरसुद्धा 'खोगीरभरती'त टिकलं, पण तंग हे नाम घोड्यांबरोबर गेलं. खोगीर पाठीवरून घसरू नये म्हणून तंग, शेल्फ टपावरून घसरू नये म्हणून हा. काम तेच आहे! माझं मत तर तंगलाच, मला यापेक्षा नेमका शब्द दिसत नाही.

आता दोन प्रकारांचं. क्लेमश्लॉसमधे बक्कलावर दातेरी जीभ असते, अंगठ्याने दाबून पट्टी खालून घालायची, सोडली की दात पट्टीत रुततात, जेवढं हाताने ओढाल तेवढंच आवळतं. आपल्याकडे असल्या दाबून धरणाऱ्या गोष्टीला 'चाप' म्हणतातच, केसाचा चाप असतो, तसा 'चापाचा तंग'. रात्शेत दांडा वरखाली करायचा, आत चाकाला पट्टी गुंडाळली जाते आणि दर वेळी कट् असा आवाज येऊन चाक मागे फिरायचं अडतं, तो 'खटक्याचा तंग'. याने सामानावर ताण फार येतो, हलकं सामान असेल तर फळी दबते, माझ्या मित्राने मागे एकदा असंच प्लायवूडचं कपाट चेपवलं. म्हणून साध्या सामानाला चापाचाच घ्या असं मी सांगेन.

आणि क्रियापद! लेबलवर छापलं होतं 'निश्ट हेबेन, नूर त्सुरेन', म्हणजे याने उचलू नका, फक्त... काय? 'बांधा' म्हटलं तर गाठ येते. 'आवळा' म्हणजे भोवतीने दाबणं. मला 'कसा' (कसणं) योग्य वाटतं, उचलायला नाही, फक्त कसायला. जर्मनीतल्या रस्त्याच्या नियमांत कलम २२ आहे, अचानक जोरात ब्रेक मारला किंवा गाडी वळवली तरी माल सरकता कामा नये, आणि 'कसून बांधलेलं' यात तेवढी खात्री येते, नुसत्या बांधलेल्यात नाही. बडोद्यात स्कूटरच्या कॅरियरला आपण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचो ते बांधणं, ती ताणते, खड्ड्यात सामान उसळतं.

(एक कामाची गोष्ट, टपावरून पट्टी सपाट नेली तर वाऱ्याने ती जोरात घूंऽऽ करत थरथरते. मधे एक पीळ द्या, आवाज बंद होतो.)

नंतरची भर: इंदूरच्या मावशीला फोन केला. ती तंग शब्द ओळखते पण म्हणते त्यांच्याकडे ट्रकवाले सरळ 'बेल्ट' म्हणतात, बेल्ट मार दो. ग्वाल्हेरकडच्यांनी सांगावं, तिथे घोड्याच्या या पट्ट्याला अजून तंगच म्हणतात का, आणि तो पुल्लिंगी ना, तो तंग? आजी तर 'तो'च म्हणते.