विजयदुर्ग, लॉकियर आणि हेलियमचा शोध

विजयदुर्ग किल्ल्यावरून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम हा वायू शोधला, असे म्हटले जाते. हे विधान बरेच प्रचलित असले तरी ते मला मान्य करता येत नाही, कारण त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हते. गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सौरज्वालांचा वर्णपट (प्रकाश वेगवेगळ्या रंगांत विभागल्यावर दिसणारा पट्टा) पाहिला. ग्रहण नसतानाही या ज्वाला वर्णपटदर्शकातून दिसू शकतात, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले. लॉकियर यांनी त्याच पद्धतीने, परंतु स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून निरीक्षण केले आणि सुमारे ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले; ही रेषा हेलियमची होती. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून मिळाला.

विजयदुर्गाचा संबंध खराच आहे, मात्र तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाशी. त्या वेळी लॉकियर आपली मोहीम घेऊन तेथे आले होते आणि ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांनी निरीक्षणात त्यांना मदत केली होती. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जाणारे चबुतरे याच मोहिमेशी जोडणे मला अधिक सयुक्तिक वाटते. याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून केले होते, आणि विजयदुर्गाबरोबर त्यांचे नावही आवर्जून घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.