चर्चा: ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना 'नाही' म्हटलं, ते बरोबर होतं का?

याराकाठची (मेलबर्न):
१४ ऑक्टोबर २०२३, सार्वमताचा दिवस. शाळेच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिसपेन्सिलीने मी 'हो' लिहिलं. आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या लोकांचं एक मंडळ असावं, त्याने संसदेला सल्ला द्यावा आणि ते घटनेत असावं, एवढीच मागणी होती. रात्री निकाल आला: सहाही राज्यांत 'नाही', देशभरात सुमारे ६० टक्के. ज्यांची लेकरं सरकारने पिढ्यान् पिढ्या आईपासून तोडून नेली, त्यांचं ऐकून घेणंही जड झालं? मला अजून याची लाज वाटते.

सरळमार्गी:
ताई, 'नाही' म्हणणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा नव्हता. १९६७ साली याच देशाने ९० टक्क्यांहून जास्त मतांनी घटना बदलली आणि लोकसंख्येत आदिवासींना न मोजण्याचं कलम काढून टाकलं. भेद पुसायला इतकी वर्षं लागली. आता वंशावरून वेगळी व्यवस्था पुन्हा घटनेत कशाला? सिनेटर जसिंटा प्राइस स्वतः आदिवासी, 'नाही'च्या प्रचारात त्याच पुढे होत्या.

याराकाठची:
अर्धंच सांगितलंत. त्याच १९६७ च्या दुरुस्तीने आदिवासींसाठी खास कायदे करायचा अधिकार केंद्राला मिळाला. कायदे त्यांच्यासाठी करणार, मग त्यांना आधी विचारायला काय हरकत? प्राइसबाईंचं मत त्यांचं. उत्तरेतल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी 'हो'च निघालं.

रानवाट:
मला दोघांचंही पटत नाही. हक्क मतपेटीतून कमी, झगडून जास्त मिळालेत. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारींसोबत गुरिंजी या आदिवासी जमातीचे गुराखी वेव्ह हिल या गोऱ्यांच्या गुरांच्या फार्मवरून काम सोडून निघाले. १९७५ साली पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत मूठभर माती ओतली, तेव्हा कुठे जमीन परत मिळाली. जमिनीच्या हक्कासाठी खटला लढणारे एडी माबो तर जानेवारी १९९२ मध्ये गेले. गोरे येण्याआधी ही भूमी कुणाचीच नव्हती, हा समज न्यायालयाने मोडला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये. त्यांना निकाल ऐकताच आला नाही.

सरळमार्गी:
तेच म्हणतोय, सल्ल्याचा तुटवडा नव्हताच. कोठडीतल्या मृत्यूंवरच्या आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. आज लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेले हे लोक तुरुंगात मात्र जवळपास एक तृतीयांश आहेत. आणखी एक मंडळ काय करणार होतं?

याराकाठची:
त्या ३३९ शिफारशींचं काय केलंत, हे दरवर्षी संसदेच्या दारात जाऊन विचारलं असतं. आदिवासींचा निवडून आलेला आयोग आधीही होता, सरकारने २००५ मध्ये तो मोडीत काढला. म्हणून तर घटनेत हवं होतं.