मदत हवी आहे : आईच्या केमोसाठी पिक लाइन की पोर्ट?

आईचं (वय ६२) उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्यात. त्यामुळे सुया टोचायला डावाच हात उरलाय, आणि त्याच्या शिरा म्हणजे दोरा. परवा रक्त काढताना सिस्टर मनगटापासून कोपरापर्यंत नुसत्या चाचपत होत्या.

आता लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन सुरू होणार. ते शिरेबाहेर गळलं तर आतून मांस जळतं, म्हणून डॉक्टर साध्या व्हेनफ्लॉनवर (सलाइनसाठी हाताच्या शिरेत लावतात ती छोटी नळी) द्यायला तयार नाहीत. पिक की पोर्ट, तुम्ही ठरवा म्हणाले. (आम्ही काय ठरवणार, कपाळ!)

पिक म्हणजे लांब, बारीक नळी. ती दंडातून घालतात, टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. जागा तेवढी बधिर करतात, पण नळी बाहेर राहते. दर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लशिंग (नळीत सलाइन सोडून ती साफ करणं), पाणी लागू द्यायचं नाही. पोर्ट म्हणजे नळी जोडलेली छोटी डबी, तो छातीच्या कातडीखाली बसतो. खर्च जास्त, छोटं ऑपरेशनही. पण जखम भरली की अंघोळ बिनधास्त.

आम्ही खेड्यात राहतो, आणि आईला गोठ्यात गेल्याशिवाय चैन पडत नाही. माझा कल पोर्टकडे आहे.

पिकचं ड्रेसिंग कुणी गावातल्या दवाखान्यात करून घेतलंय का? पोर्टचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला का? नळीमुळे थंडी-ताप आला असेल तर तेही सांगा.